बिनकडीचं दार

आमच्या गल्लीत नवा पाहुणा आला आणि पत्ता विचारू लागला, की आम्ही सांगतो, "इंगळे सराच्या दारापासून तिसरं घर." सरांच्या घरापासून असं कोणी म्हणत नाही. त्या घराची ओळख दारामुळेच. सागवानी, दोन फळ्यांचं, जुन्या घडणीचं दार आहे आणि त्याला कडी नाही. मुळात होती. सरांनी घर घेतलं त्याच आठवड्यात सुताराला बोलावून ती काढून टाकली. कोयंड्याच्या जागी दोन भोकं राहिली, त्यांत पुढे मुंग्यांनी संसार थाटला. दिवसा ते दार सताड उघडं आणि रात्री नुसतं पुढे ओढलेलं. मोताळ्यात आठवडी बाजाराच्या दिवशी लोक ओट्यावरच्या चपलाही आत उचलून ठेवतात. माझा धंदा चपलांचाच असल्यामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे. अशा गावात बिनकडीचं दार म्हणजे लोकांना मास्तरकीचा चळच वाटायचा.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. घरात विमलकाकू आहेत, म्हणजे सरांची बायको. मुलगा प्रशांत पुण्याची नोकरी सोडून बायकोसह इथंच राहायला आलाय. माझी बायको रेखा रोज दुपारी काकूंना चहा नेऊन देते, सून असली तरी. काकू अर्धा कप पितात, उरलेल्यावर बशी पालथी घालतात आणि कप खिडकीत ठेवतात. "सर येतीन आता," असं म्हणतात. संध्याकाळी सून तो कप गुपचूप उचलते.

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं ते आठवीच्या वर्गात. उंच, कमरेत जरासे वाकलेले, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आणि खडूचा तुकडा. खडू त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. बोलता बोलता कुठंही रेघ मारायचे, ओट्यावर, पाटावर, एकदा तर माझ्या दुकानातल्या बुटाच्या खोक्यावर. पुस्तक वाचायचे तेव्हा त्यांची भाषा पुस्तकी, पुस्तक मिटलं की आपली घरची. आणि काही महत्त्वाचं सांगायचं झालं की आधी दोन शब्द यायचे, "लिहून घ्या."

त्यांचा विषय इतिहास. पण राजेलोकांशी त्यांचं जमत नसे. लढायांचा अख्खा धडा ते एका तासात निकालात काढत. "हे राजे लढले. हा जिंकला, थो हरला. लिहून घ्या. आता लोकं काऊन मेले ते पाहू." मग खरा तास सुरू व्हायचा. प्लेगाचा, पटकीचा, देवीचा. गावंच्या गावं रिकामी होऊन लोक रानात झोपड्या घालून कसे राहिले, आधी उंदीर पडले आणि मग माणसं कशी पडली, मानमोडीच्या तापात, म्हणजे एकोणीसशे अठराच्या साथीत, सरणाला लाकूड कसं पुरलं नाही, हे सगळं सर असं सांगत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत. परीक्षेत यातलं काही येत नसे. आमच्या शाळेचा इतिहासाचा निकाल त्यामुळे यथातथाच असायचा, आणि मुख्याध्यापकांचं आणि सरांचं त्यावरून कायम वाजायचं.

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला. आपल्या घरात आजवर कोणती साथ येऊन गेली, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता भरून वाहत होता. कोणाची पणजी मानमोडीच्या सालात जन्मलेली, म्हणून तिचं वय कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोणाच्या घरातला एक भाऊ देवीनं आंधळा झालेला. एका मुलीच्या घरात मरीआईचं नाव घेतलं की अजून चुलीवरचं भांडं उतरवत होते. मी माझ्या बापाला विचारलं होतं. तो चपला शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आपल्या घरातली सगळ्यात मोठी साथ म्हंजे तू." मी तेच वर्गात सांगितलं. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "बापाले सांगजो, इंगळे सरानं शंभरापैकी शंभर देल्ले."

दाराची गोष्ट त्या थंडीतली. वारा फार होता म्हणून आम्ही वर्गाचं दार लावून घेतलं, वर आतून कडीही घातली. सर आले, बाहेरून थोपटलं. आम्ही उघडेपर्यंत दोन-चार क्षण गेले असतील. आत आले तेव्हा कपाळाला घाम होता. एवढ्या थंडीत. आम्हाला वाटलं, आता छड्या बसणार. सर खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी आपल्या आजीच्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली.

प्लेगाचे दिवस. सरकारी माणसं घरोघर झडती घेत. ज्याच्या काखेत गाठ दिसली त्याला उचलून गावाबाहेरच्या छावणीत नेत. तिकडे नेलेलं माणूस परत येत नाही, असं सगळे म्हणायचे. आजीच्या बहिणीला ताप आला होता. पोर सात-आठ वर्षांची. झडतीवाले गल्लीत शिरले आणि तिच्या आईनं तिला कणगीत उतरवलं. कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली, धान्य ठेवायची मोठी टोपली. वर झाकण ठेवलं, फटी ओल्या शेणानं बुजवल्या. झडतीवाले घरात बराच वेळ थांबले. ते गेल्यावर झाकण काढलं तेव्हा पोरगी गेलेली होती.

"गाठ होती का सर?" कोणीतरी विचारलं.

"नाही बे. गाठ नोतीच. साधा ताप होता," सर म्हणाले. "आमच्या घरात दाने असते तं वाचली असती थे. कनगी भरली राह्यली असती, पोरगी मावलीच नसती."

 उरलेला तास आम्ही दार उघडं टाकून कुडकुडत बसलो. तास संपताना त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. लोटणं आणि लपवणं. म्हणाले, "लिहून घ्या. साथ आली का मानसाले दोनच गोष्टी सुचते. एक तं मरी दुसऱ्याच्या शिवेत लोटून द्यायची, नाहीतं आपल्या घरात लपवायची. हजार वर्षं झाले, हेच चालू हाय." मी हात वर केला. मला वाटलं, काहीतरी राहिलंय. "सर, तिसरी गोष्ट?"

"तिसरी परीक्षेत नाही येनार," सर म्हणाले आणि फळा पुसला.

लपवण्याची गोष्ट कणगीची होती, तशी लोटण्याचीही त्यांच्याच घरातली होती. ती मात्र त्यांनी वर्गात कधी सांगितली नाही. ती मी ऐकली कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, भर रस्त्यात.

तोवर सर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता आणि माझा शेजार त्यांना लाभला होता. लाभला हा त्यांचा शब्द, कपाळाला हात लावून म्हटलेला. काकूंना विसर पडायला सुरुवात झाली होती. आधी मीठ विसरायच्या, मग नात्यातली माणसं, मग प्रशांत. सर्वांत शेवटी सरांचं नाव आणि नातंही गेलं असावं, पण 'सर' हा शब्द टिकला. काकू लग्नापासून त्यांना सरच म्हणत. "साऱ्या गावाचे सर, मंग माहे बी सरच," असं त्या पूर्वी हसून सांगायच्या. आता रोज सकाळी सर त्यांच्यासमोर बसून ओळख करून द्यायचे. "मी सर." काकू जरा वेळ बघायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती उतरायची. सर डोळ्यांआड झाले की मात्र लगेच हाक सुरू, "सर... सर... सर..." ती अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. ते परत दिसेपर्यंत थांबायची नाही. त्यामुळे सरांची खुर्ची कायमची उंबऱ्याला लागली. त्यांना गल्लीही बघायची असे आणि काकूंनाही दिसत राहायचं असे. बाजार बंद, वाचनालय बंद, मुलाचं येणं बंद. टाळेबंदीत आम्ही सगळे अडकलो. सर आधीपासूनच अडकलेले होते, पण मी त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही.

त्या दोघांचं एक जुनं कौतुक होतं चहाचं. लग्नाच्या वेळी घरात एकच कपबशी होती म्हणे. काकू अर्धा कप पीत, उरलेला सर बशीत ओतून पीत. पुढे घरात डझनभर कप आले तरी रीत तीच राहिली. कोरोना आला आणि सरांनी पहिलं काम काय केलं असेल तर ही रीत मोडली. काकूंच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. साथीचा इतिहास शिकवलेला माणूस, उष्टं म्हणजे काय हे त्यांना आम्ही सांगायची गरज नव्हती. काकू मात्र अर्धा कप ठेवतच राहिल्या. "सर, तुमचा चहा." "झाला माहा," असं म्हणून सर तो अर्धा कप मोगऱ्याच्या मुळाशी ओतून यायचे. मी समोरच्या ओट्यावरून रोज बघायचो. ग्राहक कोण येणार होतं? टाळेबंदीत सगळ्यात बिनकामाचा धंदा कोणता असेल तर चपलांचा. घरातल्या घरात कोण झिजवतो?

तर त्या उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाला आम्ही आडव्या लाकडी बल्ल्या बांधल्या आणि त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. आम्ही म्हणजे मीही आलोच. एका दुपारी आमच्याच गल्लीतली, गजानन शिंप्याची मुलगी मंगला, नवरा आणि कडेवरचं लेकरू घेऊन पुण्याहून मोटारसायकलवर आली. उन्हानं तिघांचे चेहरे काळवंडले होते. पोरांनी बल्ल्या काढायला नकार दिला. पलीकडे नवऱ्याच्या गावानंही त्यांना शिवेवरूनच परत पाठवलं होतं. गजानन बल्ल्यांच्या आत उभा होता आणि लेक बाहेर. दोघंही रडत नव्हते, नुसते एकमेकांकडे बघत होते.

मागून हाक आली, "सर... सर..." मी वळून पाहिलं. सर काकूंना एकटं सोडून चालत येत होते. खिशातून खडू काढला आणि डांबरी रस्त्यावर बल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ मारली.

"हे एका गावाची शीव," ते म्हणाले, "आन हे दुसऱ्या गावाची. पटकीच्या साथीत गावानं मरीआईचा गाडा केला. हयद-कुकू गावानं वाह्यलं, निवद गावानं देल्ला, आन गाडा ओढायले कोन, तं माहा आजा. गावाचं मरन गावाबाहेर न्यायचं काम गावकुसाबाहेरच्या आमच्याच वाड्याकडं राहे. आजानं गाडा शिवेपर्यंत ओढला. तिकडचं गाव काठ्या घेऊन उभं. म्हने, आमच्यात आनू नको. मांगं वळला, तं आपलं गाव काठ्या घेऊन उभं. म्हने, आता वापस येऊ नको, मरी तुह्या अंगाले लागली." सरांनी दोन रेघांच्या मधल्या जागेवर पाय ठेवला. "थो इथं राह्यला. इथंच. पानी नाही, सावली नाही. जिता आला वापस, पन मंग जिंदगीभर कोनाशी बोलला नाही."

एका पोरानं कसंबसं म्हटलं, "पन सर, लागन झाली असन तं?"

"असन ना. मले बी भेव लागते बे. मी म्हनून राह्यलो का गळ्यात घ्या? शाळेची खोली हाय, खिडक्या हाय. तिथं ठेवा. पन लोटू नका."

शाळेच्या खोलीत त्यांची सोय झाली. रोज उन्हं उतरली की सर काकूंचा हात धरून हळूहळू तिथवर जायचे आणि मैदानात लांब खुर्ची टाकून त्या लेकराला गोष्टी सांगायचे. काकू शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहायच्या. मंगला पुढे सांगायची, "आमाले कोंडल्यासारखं वाटलंच नाही. सर बाहेर बसेले राहे ना." मी त्या वेळी सरांना म्हटलं, "ही तिसरी गोष्ट का, सर?" सरांनी नकाराची मान हलवली. "ह्या गोष्टीत मी लांब बसेलो होतो. लांब बसनं सोपं हाय, सुभाष."

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा पहिल्यासारखा नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही बातम्यांना घाबरलो, दुसऱ्या वर्षी नावांना. रोज ओळखीचं नाव. राजूर घाटातून बुलढाण्याकडे जाणाऱ्या अँब्युलन्सचा आवाज आला की गल्लीतल्या खिडक्या लागायच्या. पत्र्यांच्या घरांत उकाड्यानं जीव जायचा, तरी लोक खिडक्या लावून बसायचे. लोक काय म्हणायचे, सांगायला हवं का? तिकडे नेलेलं माणूस परत येत नाही. हेच शब्द. मी ते ऐकले आणि मला कणगी आठवली. आपल्यालाही कोणीतरी आत उतरवून वरून लिंपून घेतलंय, असं मला त्या दिवसांत वाटत राहायचं.

एका सकाळी मी ओट्यावर आलो आणि समोर पाहिलं तर सरांचं दार लागलेलं होतं.

मी इतकी वर्षं त्या दारासमोर राहतोय. बाहेरगावी जातानासुद्धा सर ते नुसतं ओढून घ्यायचे. मी रेखाला हाक मारली. ती बाहेर आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी जाऊन दार ढकललं. हललं नाही. कडी नाही तर दार कशानं अडलंय, हे समजायला मला एक क्षण लागला. आतून खुर्ची लावली होती. उंबऱ्यातली खुर्ची.

"सर?"

"सगळं बरं हाय," आतून आवाज आला. "ऊन लय हाय म्हनून लावलं. जाय तू."

ऊन तेव्हा अजून चढायचं होतं. सर खोटं बोलत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. आतून काकूंच्या खोकल्याचा आवाज आला आणि लगेच कशाखाली तरी दबला, उशीखाली किंवा पदराखाली.

पुढचे काही दिवस असेच गेले. गल्लीला सगळं कळलं होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. काय बोलणार? कळवलं तर काकूंना नेतील, एकटीला. नियमच तसा होता, पेशंटसोबत कोणी नाही. सर डोळ्यांआड झाले तर ज्या बाईची हाक थांबत नाही, ती तिथं, अंगभर पांढरे डगले घातलेल्या अनोळखी माणसांत, कोणाला ओळखणार? आणि न कळवावं तर ती आत श्वासाला झगडत होती. प्रशांत पुण्यात स्वतःच तापानं पडलेला, फोनवर नुसता रडायचा. मी दिवसातून दोनदा दाराबाहेर डबा ठेवून यायचो. दार चार बोटं उघडायचं, हात यायचा, डबा आत जायचा. सरांच्या तोंडाला ओला रुमाल बांधलेला असायचा. त्या फटीतून मी विचारलं, "सर, दवाखाना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साऱ्या जन्मात मी त्यांच्या डोळ्यांत एवढी लाचारी पाहिली नव्हती. "कोनासंगं पाठवू तिले? सांग," ते म्हणाले आणि फट बुजली.

मग एका सकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दोन्ही फळ्या भिंतीला आपटून उघडल्या. सर उंबऱ्यात उभे होते, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"सुभाष, आरोग्य केंद्रातल्या आशाताईले फोन लाव," ते म्हणाले. "मी घराची कनगी करून टाकली बे. मी. साऱ्या गावाले शिकवून मी."

अँब्युलन्स यायला दुपार झाली. तोवर सरांनी काकूंना ओट्यावर खुर्चीत आणून बसवलं होतं, वारा लागावा म्हणून. गल्लीतले सगळे आपापल्या ओट्यावर उभे होते, जवळ कोणी जात नव्हतं. रेखानं मात्र रोजच्या वेळेला चहा केला, दोन कप नेऊन ओट्याच्या कडेला ठेवले आणि मागे झाली. सरांनी काकूंच्या लाल दोऱ्याच्या कपात चहा ओतून त्यांना घोट घोट पाजला. एवढ्या तापातही काकू अर्ध्यावर थांबल्या. कप सरांपुढे केला. "तुमचा चहा." सर म्हणाले, "ठेव, घेतो." आणि कप कडेला ठेवला.

गाडीबरोबर आलेल्या पोरानं बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि तो लगबग करू लागला. दोघांच्याही नाकात कांडी घातली गेली. काकूंचा निकाल आला, तो सगळ्यांना ठाऊकच होता. सरांचा आला आणि पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाले काहीच नाही. तुम्ही निगेटिव्ह हा."

ओला रुमाल, वेगळा कप, साबणानं धुतलेले हात, इतिहासातून शिकलेली सारी खबरदारी फळाला आली होती. पास झाल्याचं इतकं वाईट वाटलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"मी संगं येतो," सर म्हणाले.

"नाही चालत काका. निगेटिव्ह मानूस आत नेला तं आमची नोकरी जाईन. तुमच्याच भल्याचं हाय." पोरगा वाईट नव्हता. त्याचेही डोळे चष्म्याआड सुजलेले होते.

त्या पोरानं आणि ड्रायव्हरनं काकूंना उचललं. सर दोन पावलं मागे राहिले आणि काकूंना दिसेनासे झाले. हाक सुरू झाली. "सर... सर... सर..." आवाज खोल गेलेला, दम लागत होता, तरी थांबत नव्हता. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. रेखानं कानांवर हात ठेवले.

सर वळले. ओट्याच्या कडेचा लाल दोऱ्याचा कप उचलला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला, चहा बशीत ओतला. गार झालेला चहा, तरी सवयीनं त्यावर फुंकर घातली. आणि सगळ्यांच्या देखत, घाई न करता, बशी रिकामी होईपर्यंत प्यायले.

"काय केलं हे बावा तुम्ही!" ड्रायव्हर ओरडला.

सरांनी बशी ओट्यावर ठेवली आणि त्या पोराकडे वळले. वर्गात वळायचे तसेच. "लिहून घ्या. इंगळे, विमलबाईचा नवरा, पेशंटचं उष्टं पेला. आता मले इथं ठेवसान तं गल्लीले धोका हाय. आन घरात कोंडसान म्हनसान, तं मी राहनार नाही. दाराले कडीच नाही."

पोरानं मान फिरवली. "बसा," तो म्हणाला.

मला सरांचा राग आला होता. आजही येतो. काकू बुलढाण्याच्या दवाखान्यातून परत आल्या, सर आले नाहीत. दोन-चार दिवस थांबले असते, आम्ही काहीतरी मार्ग काढला असता, असं मी अजूनही रेखाला म्हणतो. कोणता मार्ग, असं ती विचारते.

त्या दुपारी सर गाडीत चढले. चढताना आमच्याकडे पाहिलं नाही, कोणाला हात केला नाही. त्यांचं घर मागे सताड उघडं होतं, ओढून घ्यायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ड्रायव्हर मागचं दार लावू लागला तेव्हा त्यांनी एका हातानं ते क्षणभर धरून ठेवलं, मग आपणच सोडलं. काचेतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की ते काकूंच्या तोंडाशी वाकलेत आणि रोज सकाळी ओळख करून देताना सांगायचे तेच दोन शब्द सांगताहेत. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा सायरन अजून लागला नव्हता, आणि काकूंची हाक थांबली होती.